सोसायटीची इंग्रजी नोटीस : हिज, हर की देअर? आणि ‘इट्स’च्या डोक्यावरचा स्वल्पविराम

बी_विंगची_चिटणीस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून मी आमच्या सोसायटीची चिटणीस आहे. डोंबिवलीत आमच्या तीन विंग आहेत, ८४ फ्लॅट. निम्मी घरं मराठी, बाकी गुजराती, तमिळ, मल्याळी आणि दोन बंगाली. त्यामुळे मराठी नोटिशीखाली इंग्रजी लावावीच लागते आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आहे. मी मराठी माध्यमातली, बी.कॉम. केलेली. कामापुरतं इंग्रजी येतं. पण तीन ठिकाणी अडले आहे आणि तिन्ही ठिकाणी अडचण एकच : ‘कोणाचं’ हे इंग्रजीत कसं लिहायचं?

पहिलं. मागच्या महिन्यात गेटवर पार्किंगचा नवा बोर्ड लावला. निळ्या ॲक्रिलिकवर पांढरी अक्षरं, खर्च २,२०० रुपये. त्यावर “द सोसायटी अँड इट’स मेंबर्स आर नॉट रिस्पॉन्सिबल” असं सुरू होतं. तासाभरात एका सभासदांनी फोटो काढला, ‘इट’स’भोवती लाल गोल केला आणि ग्रुपवर टाकला. खाली एक शब्दही लिहिला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मजकूर माझाच होता. ‘सोसायटी’ज रूल्स’ लिहिताना डोक्यावर स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) द्यायचा, ‘मेंबर’स व्हेइकल’ लिहितानाही द्यायचा, मग ‘इट्स’नेच काय केलं आहे?

दुसरं. नोटिशीत मी लिहिलं होतं, “एव्हरी मेंबर शुड पार्क हिज व्हेइकल इन हिज अलॉटेड स्लॉट.” ए विंगमधल्या एक ताई ऑफिसात आल्या. फ्लॅट त्यांच्या नावावर, गाडी त्यांच्या नावावर, चालवतातही त्याच. म्हणाल्या, “ह्या नोटिशीत मी कुठे आहे?” मला ते पटलं. सगळीकडे ‘हिज ऑर हर’ केलं, तर अर्ध्या पानात ते सात वेळा आलं आणि वाचताना जीभ अडखळायला लागली. मुलगी म्हणाली, ‘देअर’ कर. ते केलं, तर सी विंगमधले एक निवृत्त काका म्हणाले की ‘एव्हरी मेंबर’ एकवचन, ‘देअर’ अनेकवचन, म्हणजे वाक्य अशुद्ध.

तिसरं मला सगळ्यात जास्त लागलं. गणपतीच्या आमंत्रणात मी लिहिलं, “अवर चेअरमन अँड देअर वाइफ विल परफॉर्म द आरती.” चौघांनी सांगितलं की इथे ‘हिज’ हवं. बरं, बदललं. पण एकाच माणसासाठी ‘देअर’ आमंत्रणात चूक आणि पार्किंगच्या नोटिशीत बरोबर, हे कसं काय? मला नुसता नियम पाठ करायचा नाही, समजून घ्यायचं आहे. दुरुस्त नोटीस ह्या रविवारी लावायची आहे.

शाळेतली_बाई

ताई, बोर्डाचं उत्तर आधी देते. मी आठवीच्या मुलांना एकच गोष्ट करायला लावते. जिथे शंका येईल तिथे मोठ्याने ‘इट इज’ म्हणून बघायचं. “द सोसायटी अँड इट इज मेंबर्स” हे कानालाच खटकतं, म्हणजे स्वल्पविराम नको. “इट इज रेनिंग” चालतं, म्हणजे हवा. हीच परीक्षा ‘युअर’ आणि ‘यू’आर’ला लावा, ‘हूज’ आणि ‘हू’ज’ला लावा, ‘देअर’ आणि ‘दे’आर’ला लावा. पत्राखालच्या ‘युअर्स फेथफुली’मध्येही तो स्वल्पविराम कधीच येत नाही. आपल्याकडे दहातल्या सहा अर्जांत तो दिलेला मला दिसतो.

आणि फोनवर टाइप करत असाल तर आणखी एक. फोन कधी कधी साधा ‘इट्स’ आपणहून बदलून स्वल्पविरामाचा करतो. मजकूर रंगाऱ्याकडे पाठवण्याआधी कागदावर काढून वाचा.

हायवे_७२

अर्थ कळला ना सगळ्यांना? गाड्या नीट लागतायत ना? मग सोडून द्या हो. ब्रिटनमधल्या दुकानांच्या पाट्यांवरही ह्याच चुका असतात.

निवृत्त_मुद्रितशोधक

हायवेसाहेब, असतात हे खरं. पण ताईंनी ‘का’ विचारलं आहे आणि ज्या माणसाला का विचारावंसं वाटतं त्याला ‘सोडून द्या’ सांगणं मला जमत नाही. पुण्यात एका छापखान्यात मी ३१ वर्षं प्रुफं वाचली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. सुरुवातीची वर्षं खिळ्यांची, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायची. तेव्हा हा वरचा स्वल्पविराम म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या एका छोट्या खणातला वेगळा खिळा असे. अक्षरं जुळवणाऱ्याला तो हाताने उचलून लावावा लागे, आणि चुकीचा लागला तर चिमट्याने उपटून ओळ पुन्हा आवळावी लागे. त्यामुळे ह्या चिन्हाकडे मी आयुष्यभर जरा जास्तच बघितलं आहे.

ताई, तुमचा तर्क चुकलेला नाही. नामाला ज्या चिन्हाने मालकी दाखवायची ते सर्वनामाला का नको, हा प्रश्न खुद्द इंग्रजांनाही पडला होता. ‘इट्स’ हा शब्दच इंग्रजीत उशिरा आला, सोळाव्या शतकाच्या शेवटी. त्याआधी निर्जीव वस्तूची मालकी ‘हिज’नेच दाखवत. १६११ च्या इंग्रजी बायबलात मिठाबद्दलचं प्रसिद्ध वाक्य आहे, मिठाने ‘हिज’ चव गमावली तर, असं. मीठ पुरुष आहे म्हणून तसं लिहिलेलं नाही. पुल्लिंग आणि नपुंसकलिंग दोघांचा षष्ठीचा शब्द एकच होता. हे आपल्याला मुळीच परकं नाही. आपण ‘तो मुलगा’ म्हणतो आणि ‘त्याचे हात’ म्हणतो, ‘ते झाड’ म्हणतो आणि ‘त्याची पानं’ म्हणतो. ‘तो’ आणि ‘ते’ वेगळे, पण ‘त्याचा’ दोघांना एकच. जुनी इंग्रजी ह्या बाबतीत थेट मराठीसारखी होती.

मग ‘इट’ला स लावून नवा शब्द केला आणि पुढची दोनशे वर्षं लोक तो बिनदिक्कत स्वल्पविराम देऊन लिहीत होते. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, राज्यांच्या तपासणीच्या कायद्यांबद्दल लिहिताना ‘इट’स’च लिहिलेलं आहे. म्हणजे तुमच्या गेटवरच्या बोर्डात जे आहे तेच. त्या जुन्या काळात ‘इट इज’चा संक्षेप बहुधा ‘’टिज’ असा केला जाई, त्यामुळे ‘इट’स’ मालकीसाठी मोकळा होता. पुढे ‘इट इज’साठी ‘इट’स’ रुळला, आणि एकोणिसाव्या शतकात मालकीच्या शब्दाचं चिन्ह गेलं ते गेलंच. आज ते देणं चूक मानलं जातं, म्हणून बोर्ड दुरुस्त करायलाच हवा. पण त्या लाल गोलाने तुमची झोप उडावी असं त्यात काही नाही.

लक्षात ठेवायला माझी मराठी खूण सांगतो. ‘राम’ला मालकी दाखवायला ‘चा’ जोडावा लागतो : रामाचा. पण ‘मी’चं ‘माझा’ होतं, त्याला कोणी ‘माझाचा’ करत नाही, कारण मालकी त्या शब्दात आधीच मुरलेली आहे. इंग्रजीत माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर, हूज हे सगळे ‘माझा’सारखे आहेत. शब्द तयार झालेला आहे, वर काही जोडायचं नाही. अपवाद आहे तो ‘वन’, ‘समवन’ अशा सर्वनामांचा. “वन शुड डू वन’स ड्यूटी” इथे चिन्ह लागतं. पण नोटिशीत तुम्ही ते लिहिणार नाही, तेव्हा सोडा.

आता तुमचं तिसरं, चेअरमनांचं, कारण खरी गाठ तिथे आहे. ती चूक इंग्रजी कच्चं असल्याने झालेली नाही, मराठी पक्कं असल्याने झाली आहे. आपण चेअरमनांना ‘तो’ म्हणत नाही, ‘ते’ म्हणतो. त्यांची गाडी, त्यांच्या पत्नी. आदरार्थी बहुवचन आपल्या हाडात आहे, आणि ‘त्यांच्या’चं इंग्रजी करताना हात आपोआप ‘देअर’कडे जातो. इंग्रजी सर्वनामाला आदराचं वचन नाही. राजा असो की वॉचमन, एक पुरुष म्हणजे ‘हिज’. आदर दाखवायचा तो ‘मिस्टर’, ‘ऑनरेबल’ अशा शब्दांनी.

पार्किंगच्या नोटिशीतलं ‘देअर’ वेगळ्या घरातून येतं. तिथे माणूस कोण ते ठाऊक नाही, ८४ पैकी कोणीही असू शकतो. असा अनोळखी ‘कोणीही’ असेल तर इंग्रजी लोक चौदाव्या शतकापासून एकवचनाला ‘देअर’ वापरत आले आहेत. सी विंगमधल्या काकांना जे शिकवलं गेलं ते अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांचं, की असा कोणीही ‘ही’च समजावा. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली कायदाच केला की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या १३ व्या कलमात तेच आहे. काकांचं शिक्षण त्या परंपरेतलं आहे, त्यांचा मान ठेवूनच सांगा. पण ए विंगच्या ताईंनी विचारलेला प्रश्न त्या कायद्याने मिटत नाही. ज्या बाईच्या नावावर फ्लॅट आहे तिने नोटीस वाचताना स्वतःला ‘हिज’मध्ये धरून घ्यायचं, हे मला माझ्या मुलीला सांगता आलं नसतं. २०१९ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेने एकवचनी ‘देअर’ला मान्यता दिली, आणि मेरियम-वेबस्टर कोशाने त्याच वर्षी ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं. ‘हिज’मध्येही आणि ‘हर’मध्येही न बसणाऱ्या काही व्यक्ती स्वतःसाठी ‘दे’ निवडतात, तिथे माणूस ओळखीचा असूनही तेच वापरायचं, कारण ती त्यांची इच्छा आहे.

थोडक्यात, तुमचे चेअरमन कोण ते तुम्हाला माहीत आहे, पार्किंगवाला सभासद कोण ते माहीत नाही. एवढाच फरक.

आणखी एक सांगतो, कारण प्रुफात मी तो सतत पकडला आहे. एका संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या प्रुफात एकदा “द प्रिन्सिपल अँड हिज हजबंड” आलं होतं. प्राचार्या बाई होत्या. लिहिणारे गृहस्थ विद्वान होते. मग हे झालं कसं? त्यांच्या डोक्यात ‘तिचा नवरा’ होता आणि त्यातल्या ‘चा’ने त्यांना पुल्लिंगाकडे ओढलं. मराठी षष्ठीच्या शब्दाचे दोन भाग असतात. ‘तिचा’मधला ‘ति’ मालकिणीचा, ‘चा’ वस्तूचा. ‘त्याची बहीण’मध्ये ‘त्या’ मालकाचा, ‘ची’ बहिणीची. इंग्रजीला फक्त पहिला भाग हवा असतो, दुसऱ्याची तिला गरज नाही. म्हणून भाषांतर करताना शब्दाच्या शेपटाकडे बघू नका, तोंडाकडे बघा. त्या अहवालावर मी समासात फुली मारली, ‘हर’ लिहिलं आणि वर्षभर तो समास डोळ्यासमोरून गेला नाही.

लीड्सची_परिचारिका

मुद्रितशोधक काकांचं वाचून मन भरून आलं. मी १४ वर्षं इंग्लंडमध्ये आहे. मला ‘इट्स’चा त्रास कधी झाला नाही. जिथे मराठीत मालकीचा शब्दच नसतो आणि इंग्रजीत तो असावाच लागतो, तिथे मी अडकायचे. आपण म्हणतो, “हात धुतले, आईला फोन केला, पाय मुरगळला.” कोणाचे हात, कोणाची आई, हे सांगावं लागत नाही, कारण दुसऱ्याचे हात कोण धुणार? सुरुवातीला मी नोंदवहीत लिहायचे, “पेशंट हॅज हर्ट लेग.” सिस्टरने पहिल्या आठवड्यातच सांगितलं की इथे ‘हिज लेग’, ‘हर लेग’ असं लिही. रजेच्या मेलमध्ये मी “मदर इज अनवेल” लिहिलं होतं, तिथे ‘माय मदर’ हवं होतं.

उलटं ‘आमचे वडील’चं झालं. मी एकटी लिहीत होते, पण घरी आपण ‘आमचे बाबा’च म्हणतो ना, म्हणून ‘अवर फादर’ लिहिलं. इथे ते शब्द चर्चमधल्या प्रार्थनेची सुरुवात आहेत. मॅनेजरने हळूच सांगितलं, खूप प्रेमाने सांगितलं.

आणि ‘माझी एक मैत्रीण’. मी कित्येक वर्षं ‘माय वन फ्रेंड’ म्हणत होते. ऐकणाऱ्याला वाटायचं मला एकच मैत्रीण आहे. इथे ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ म्हणतात. त्यातला तो ‘माइन’ मला आता फार आवडतो.

चिटणीस ताई, देअरचं सांगते. आमच्या वॉर्डात येणाऱ्या फोनवर नातेवाईक कोण हे माहीत नसेल तर सगळेच लिहितात, “समवन कॉल्ड, दे लेफ्ट देअर नंबर.” ह्याला कोणी चूक म्हणत नाही.

कोथरूडचा_डेव्हलपर

आमच्या कामातली एक गोष्ट. ॲपमधल्या बटणावर ‘माय अकाउंट’ आणि त्याखाली “चेंज युअर पासवर्ड”. एकाच पडद्यावर माणूस ‘माय’ आणि कंपनी ‘युअर’. १९९५ च्या विंडोजवर ‘माय कॉम्प्युटर’ होतं, ते व्हिस्टामध्ये नुसतं ‘कॉम्प्युटर’ झालं आणि नंतर ‘धिस पीसी’. मराठी भाषांतर करताना मी भांडून सगळीकडे ‘तुमचे खाते’ करून घेतलं, कारण बोलणारा एकच असायला हवा. चिटणीस ताई, नोटिशीतही हे सांभाळा. ‘अवर सोसायटी’ म्हणताना बोलतंय कोण, कमिटी की सगळे?

बी_विंगची_चिटणीस

काका, मी तुमचं उत्तर तीनदा वाचलं. ‘शेपटाकडे नको, तोंडाकडे’ हे वहीत लिहून ठेवलं आहे. सी विंगच्या काकांना १८९७ चं कलम सांगितलं, त्यांना फार आनंद झाला, म्हणाले, तेच तर मी म्हणत होतो. मग त्यांना ए विंगच्या ताईंसमोर बसवलं. पाच मिनिटं दोघं बोलले. काका उठताना म्हणाले, “ठीक आहे, पण मग अनेकवचन पूर्ण करा.”

तसं केलं आहे. कच्चा मजकूर असा : “ऑल मेंबर्स आर रिक्वेस्टेड टु पार्क देअर व्हेइकल्स इन देअर अलॉटेड स्लॉट्स. प्लीज हँड ओव्हर युअर स्पेअर की टु द वॉचमन. द वॉचमन विल रिटर्न इट टु द मेंबर ऑन हिज राउंड. अवर डिसिजन विल बी फायनल.”

आणि एक घरचा प्रश्न. बँकेच्या अर्जात “मी अँड माय हजबंड’स जॉइंट अकाउंट” लिहिलं तर चालेल का?

निवृत्त_मुद्रितशोधक

पहिलं वाक्य निर्दोष आहे. काकांचं समाधान, ताईंचं समाधान, आणि एकही ‘हिज ऑर हर’ नाही.

तिसऱ्या वाक्यात ‘हिज राउंड’ कोणाचा? वॉचमनचा, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणारा सभासद आपल्या संध्याकाळच्या फेरीचंही समजू शकतो. मराठीत ही अडचण येत नाही. “वॉचमनने सभासदाला आपली चावी दिली” आणि “वॉचमनने सभासदाला त्याची चावी दिली” ह्यात चावी कोणाची ते लख्ख कळतं. ‘आपला’ हा शब्द वाक्याच्या कर्त्याकडे परत जातो. इंग्रजीत दोन्हीला ‘हिज की’च. इतका उपयोगी शब्द इंग्रजीजवळ नाही ह्याचं मला दर वेळी वाईट वाटतं. अशा ठिकाणी सर्वनाम काढून टाकायचं आणि नाम परत लिहायचं. “ड्यूरिंग द इव्हनिंग राउंड” करा. चावीची वेळही कळेल.

शेवटच्या वाक्यात ‘अवर’. डेव्हलपरसाहेबांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. मराठीत ‘आपला निर्णय’ म्हटलं तर सगळ्यांचा, ‘आमचा निर्णय’ म्हटलं तर तुम्ही सोडून आमचा. इंग्रजी ‘अवर’ दोन्हींना एकच. सभासदाला तो ‘आमचा’ वाटेल आणि टोचेल. “द मॅनेजिंग कमिटी’ज डिसिजन” लिहा. इथे नाम आहे, तेव्हा वरचा स्वल्पविराम हवा. वर परिसराबद्दल काही लिहिणार असाल तर तिथे मात्र ‘अवर’ ठेवा, तो ‘आपला’ म्हणूनच वाचला जाईल.

अर्जात ‘मी अँड’ नको. ‘माय हजबंड’स अँड माय जॉइंट अकाउंट’ व्याकरणात बसतं पण जड आहे. वर दोघांची नावं आहेतच, तेव्हा ‘अवर जॉइंट अकाउंट’ पुरे. इथे अवर अगदी बरोबर, कारण सही दोघांची.

आणि बोर्ड नवीन करू नका. ॲक्रिलिकवर चिकटवलेलं अक्षर असेल तर हेअर ड्रायरची ऊब दाखवा, मग नखाने कडेपासून सोडवा. तेवढं चिन्ह निघून येईल. रंगवलेलं असेल तर रंगाऱ्याला त्याच निळ्याचा एक ठिपका द्यायला सांगा.

बी_विंगची_चिटणीस

चिकटवलेलंच होतं, काका. आत्ताच काढून आले. टी आणि एसच्या मध्ये थोडी जागा राहिली आहे, पण लांबून कळत नाही.